लेण्यांतली ब्राह्मी वाचायला शिका: सुरुवात अक्षराच्या पोटातल्या ‘अ’पासून

कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला लाखो माणसं जातात. देवळाच्या शेजारीच चैत्यगृहाचं, म्हणजे लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहाचं दार आहे आणि त्या दाराच्या भिंतींवर, आतल्या खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं आहेत. कुणी खांब दिला, कुणी दार घडवलं, कोण कुठून आलं होतं, हे सगळं तिथे नावानिशी लिहिलेलं आहे. पण जवळजवळ प्रत्येक जण त्या ओळींवरून नुसती नजर फिरवून पुढे जातो. मीही कित्येक वर्षं तसाच गेलो. लिपी येत नाही, म्हणजे तज्ज्ञांचं काम, असं मनात पक्कं बसलेलं होतं.

ते खरं नाही. मराठी वाचता येणाऱ्या माणसाला ब्राह्मी अवघड नाही, कारण आपली देवनागरी तिच्याच वंशातली आहे. आकार बदललेत, घडण तीच आहे. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत कार्ल्याच्या खांबावरची एक ओळ बोट न लावता, हवेत बोट फिरवत वाचता येते. ती पहिली ओळ वाचताना अंगावर काटा येतो, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. खाली दिलेला क्रम मी स्वतः चुकत-माकत शिकलो आणि पुढे मित्रमंडळींना शिकवताना सुधारत नेला.

पहिली पायरी: ‘अ’ कुठे असतो ते समजून घ्या

अक्षरतक्ता घोकायच्या आधी हे करा. कागदावर ‘क’ लिहा आणि मोठ्यानं वाचा. तुम्ही ‘क’ म्हणालात, नुसता ‘क्’ नाही. तो ‘अ’ लिहिला कुठे आहे? कुठेच नाही. तो व्यंजनाच्या पोटात आहे. मात्रा दिली की तो जातो आणि त्याच्या जागी आ, इ, उ येतात. काहीच चिन्ह नसेल तर ‘अ’ आहेच. शाळेत आपण बाराखडी म्हणतो तेव्हा नेमकं हेच करतो, फक्त तसं कुणी समजावून सांगत नाही.

ब्राह्मीची सगळी बैठक हीच. अशोकाच्या इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या शिलालेखांत ही पद्धत पूर्ण तयार दिसते. देवनागरी, मोडी, गुजराती, कन्नड, तमिळ, बंगाली, तिबेटी, थाई, बर्मी (म्यानमारची) या सगळ्या लिपी पुढे त्यातूनच आल्या. काहींमध्ये पोटातल्या स्वराचा उच्चार बदलला. बंगालीत तो ‘ऑ’च्या जवळ जातो. पण स्वर पोटात बसवायची युक्ती तीच राहिली.

आता मराठी माणसाची अडचण. आपण ‘अ’ लिहितो, पण बोलताना गिळतो. ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो, ‘सरकार’ लिहितो आणि ‘सर्कार्’ म्हणतो. ही सवय इतकी मुरलेली आहे की आपल्या लक्षातच येत नाही. लेण्यांमधले लेख मात्र प्राकृतात आहेत आणि प्राकृतात शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो. सुरुवातीला मी ‘यवनस’ हा शब्द ‘यवनस्’ असा वाचायचो. मग त्या शेवटच्या ‘स’चं काय करायचं तेच कळायचं नाही, आणि आपण काहीतरी चुकीचं वाचलं असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. वाचलेलं बरोबरच होतं, फक्त ‘य-व-न-स’ असं चार पूर्ण अक्षरांत म्हणायला हवं होतं.

त्यासाठी एक सोपी युक्ती: पोथी वाचल्यासारखं वाचा. आरतीत, भजनात, ओवीत आपण शेवटचा ‘अ’ गिळत नाही, लांबवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो सूर धरा. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं वर्तमानपत्रातली कुठलीही ओळ घ्या आणि प्रत्येक अक्षराचा ‘अ’ मोकळा करत वाचा. घरातले विचारतील, सांगून टाका. ब्राह्मीचं एकही अक्षर शिकायच्या आधी हा सराव झाला, तर पुढची निम्मी अडचण संपते.

दुसरी पायरी: ‘दानं’ या एका शब्दापासून सुरुवात

जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी. १८३७ साली त्याच्यासमोर सांचीच्या कठड्यांवरचे छोटे-छोटे लेख आले. त्याच्या लक्षात आलं की बहुतेक ओळी त्याच दोन अक्षरांनी संपतात आणि शेवटी एक टिंब असतं. लोकांनी स्तूपासाठी दिलेल्या देणग्यांची ही नोंद असावी, म्हणजे शेवटचा शब्द ‘दानं’, असा त्यानं तर्क केला. त्याच्या आधी येणारं अक्षर ‘स’ असून तो षष्ठीचा प्रत्यय, हेही जुळलं. त्या एका शब्दातून ‘द’ आणि ‘न’ पक्के झाले आणि बाकीची लिपी उलगडत गेली.

आपणही तिथूनच शिरायचं. लेण्यांमध्ये हा शब्द पदोपदी भेटतो, त्यामुळे पहिल्याच फेरीत काहीतरी नक्की वाचता येतं.

‘न’ म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या मध्यावर उभी केलेली काठी. जमिनीत रोवलेला खांब डोळ्यांसमोर आणा. ‘द’ म्हणजे उभी रेघ, जिच्या मधल्या भागाला बाक येऊन पोट निघालेलं आहे. हे पोट कुठल्या बाजूला, ते काळानुसार बदलतं, त्यामुळे बाजूवर अडून बसू नका. ‘द’चा ‘दा’ करायला डोक्यापाशी उजवीकडे एक बारीक आडवी रेघ. ‘न’चा ‘नं’ करायला उजव्या बाजूला टिंब. झालं ‘दानं’. पन्नास वेळा लिहा. पेन्सिलीपेक्षा पाटीवर किंवा फरशीवर खडूनं मोठं लिहिलेलं बरं, कारण दगडावरची अक्षरंही बोटाएवढी किंवा त्याहून मोठी असतात आणि हाताला त्या मापाची सवय व्हावी.

तिसरी पायरी: अक्षरं घराण्यांनी लावा

वर्णमालेच्या क्रमानं ब्राह्मी पाठ करू नका. तसं केलं की क-ख-ग-घ येतात आणि प-स-ह पाशी गोंधळ होतो. आकारांची घराणी करून शिकलेलं डोक्यात टिकतं.

गोलाचं घराणं आधी घ्या. नुसता गोल म्हणजे ‘ठ’. आपल्या देवनागरी ‘ठ’मध्ये तो गोल आजही दिसतो, दोन हजार वर्षांत त्याच्या डोक्यावर फक्त शिरोरेघेची काठी आली. गोलात टिंब म्हणजे ‘थ’. गोल अर्धा, उजवीकडे उघडा, म्हणजे ‘ट’. गोलावर उभी काठी म्हणजे ‘व’. गोलावर दोन शिंगं, म्हणजे वर उघडं अर्धवर्तुळ, तो ‘म’. ही पाच अक्षरं एका बैठकीत येतात.

मग रेघांचं घराणं. गणितातलं अधिकचं चिन्ह म्हणजे ‘क’. नुसती उभी रेघ, कधी किंचित नागमोडी, म्हणजे ‘र’. ‘न’ वर आलाच. त्याच्या डोक्यावरही आडवी रेघ असेल तर ‘ण’. चौकोन म्हणजे ‘ब’. इंग्रजी कॅपिटल डी सारखा ‘ध’, आणि ई सारखा ‘ज’.

तंबूचं घराणं छोटं आहे, पण फसवतं. नुसता तंबू, म्हणजे दोन तिरप्या रेघा वर टेकलेल्या, तो ‘ग’. तंबूच्या टोकावर काठी असेल तर ‘त’. दगड झिजलेला असेल तर ती काठीच आधी पुसट होते, त्यामुळे ‘ग’ वाचण्याआधी वरच्या जागेकडे पुन्हा एकदा बघा.

राहिलं आकड्यांचं, म्हणजे हुकांचं घराणं: प, स, ह, य. खालून वळून वर येणारा, डावी बाजू उंच असलेला आकडा म्हणजे ‘प’. तसाच आकडा, पण डाव्या बाजूला आणखी एक छोटी कडी फुटलेली, तो ‘स’. उजव्या टोकाला बाहेर आलेली आडवी रेघ असेल तर ‘ह’. जहाजाच्या नांगरासारखं दिसणारं ‘य’. इथे वेळ लागतो. मला ‘प’ आणि ‘स’ पक्के व्हायला बाकी सगळ्या अक्षरांपेक्षा जास्त दिवस लागले. एक आधार सांगतो: लेण्यांतल्या दानलेखांत ‘दानं’च्या जरा आधी, एखाद्या नावाच्या शेवटी आकडा दिसला, तर तो बहुधा ‘स’ असतो. का, ते पुढे येईलच.

उरलेली अक्षरं छापील तक्त्यावरून घ्या. ब्राह्मीला २०१० साली युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि नोटो सॅन्स ब्राह्मी हा फाँट फुकट मिळतो, त्यामुळे फोनवरही अक्षरं बघता येतात. पण फाँटमधली अक्षरं अशोककालीन वळणाची आहेत. सातवाहन काळात येईतो ‘क’ आणि ‘र’ यांचे पाय लांबतात, पुढे त्यांना खाली बाक येतो. रेघांची डोकी जाड होतात. ‘व’चा गोल त्रिकोणाकडे झुकतो. म्हणून तक्ता शिकलात की लगेच लेण्यांतल्या लेखांचे फोटो बघायला लागा, नाहीतर डोळा फाँटलाच सरावतो.

मात्रा लावायच्या आधी नुसत्या ‘अ’वाली अक्षरं घेऊन शब्द लिहा: गगन, नगर, मगर, गरज, नवस, वनवास मात्र नको, त्यात काना आहे. लिहिल्यावर प्रत्येक शब्द पूर्ण ‘अ’नं वाचा, ‘न-ग-र’. चिन्ह काहीच नाही आणि तरी तिन्ही ठिकाणी स्वर आहे, हे हाताला आणि कानाला एकदम पटतं.

चौथी पायरी: मात्रा

ही पायरी सुखाची. काना म्हणजे डोक्याशी उजवीकडे आडवी रेघ. ‘ए’ म्हणजे तीच रेघ डावीकडे. दोन्ही बाजूंना असेल तर ‘ओ’. देवनागरीत ‘को’ लिहिताना काना आणि वरची मात्रा दोन्ही लागतात, ते इथूनच आलं. ‘इ’ म्हणजे डोक्यावरून वर वळणारी रेघ, दोन असतील तर ‘ई’. ‘उ’ पायाशी, दोन असतील तर ‘ऊ’. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत लेण्यांवरचे लेखक काटेकोर नसतात. ‘सिह’ आणि ‘सीह’ दोन्ही भेटतील.

शब्दाच्या सुरुवातीला नुसता स्वर आला तर त्याला स्वतंत्र चिन्ह लागतं. त्रिकोण म्हणजे ‘ए’, तीन टिंबं म्हणजे ‘इ’, काटकोन म्हणजे ‘उ’. ‘अ’लाही स्वतःचं चिन्ह आहे, पण ते फक्त तो एकटा असताना. व्यंजन सोबत असलं की तो पोटात जाऊन बसतो.

हीच एक व्यवस्था शक्य होती असं नाही. आंध्रात भट्टिप्रोलूच्या स्तूपात मिळालेल्या करंडकांवरच्या लेखांत लिहिणाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. तिथे नुसतं चिन्ह म्हणजे नुसता ‘क्’, आणि ‘क’ लिहायचं तर आडवी रेघ द्यायची. तमिळमध्ये शब्द व्यंजनावर संपतात, म्हणून तिथेही पोटातल्या ‘अ’ची अडचण झाली आणि पुढे तो काढून टाकण्यासाठी अक्षरावर टिंब द्यायची रीत आली. कन्नडमध्ये अक्षराच्या डोक्यावरच्या वळणाला तलकट्टु म्हणतात, आणि दुसरी मात्रा लागली की बऱ्याच अक्षरांवरून ते वळण निघून जातं. बेळगाव-सोलापूरकडच्या वाचकांनी दुकानाच्या पाट्या या नजरेनं पुन्हा बघाव्यात.

पाचवी पायरी: न लिहिलेलं वाचायला शिका

ज्या लिपीत प्रत्येक व्यंजनाला ‘अ’ चिकटलेला आहे, त्या लिपीत दोन व्यंजनं जोडून लिहायची तर खटपट करावी लागते. ब्राह्मीत ती एकाखाली एक लिहितात, वरचं आधी वाचायचं. पाय मोडायचं चिन्ह जुन्या ब्राह्मीत नाही. आणि प्राकृतात तर जोडाक्षरं बहुतेक एकाच अक्षराच्या द्वित्वाची असतात: धम्म, सेट्ठि, उत्तम. कोरणाऱ्यांनी मग सरळ मार्ग काढला. द्वित्व लिहायचंच नाही. वाचणाऱ्याला कळतंच.

त्यामुळे दगडावर ‘धम’ दिसलं की ‘धम्म’ समजा, ‘सेठि’ म्हणजे ‘सेट्ठि’, ‘उतम’ म्हणजे ‘उत्तम’. हे ठाऊक नसेल तर ओळ बरोबर वाचूनही अर्थ लागत नाही आणि माणूस निराश होऊन सोडून देतो.

दुसरं, विभक्ती. चारच प्रत्यय पाठ करा, बाकीचं आपोआप येतं. नावाला ‘स’ लागला तर ‘चा’: यवनस म्हणजे यवनाचं. संस्कृतातल्या ‘स्य’चा तो ‘स्स’ झाला आणि लिहिताना एकच ‘स’ उरला. आपल्या ‘रामास’ मधल्या ‘स’शी भाषेचे अभ्यासक त्याचं नातं जोडतात. बाईच्या नावाला षष्ठीत ‘य’ लागतो, नायनिकाय म्हणजे नायनिकेचं. ‘न’ किंवा ‘ना’ म्हणजे ‘ने’, आणि ‘तो’ म्हणजे ‘हून’.

शब्दांमध्ये जागा सोडलेली असेल याचा भरवसा नाही, विरामचिन्हं नाहीत. मग शब्द कुठे तुटतो ते कसं कळणार? प्रत्यय शोधा. ‘स’ आला की तिथे थांबून बघा, एखादं नाव पूर्ण होतंय का. प्रिन्सेपनं हेच केलं होतं.

सहावी पायरी: एक ओळ पूर्ण वाचूया

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर हा लेख आहे:

धेनुकाकटा यवनस सिहधयान थभो दानं

छापील वाचनांत एखाद्या अनुस्वाराचा फरक दिसेल, त्यानं बिचकू नका. आता खांबासमोर उभे आहात असं समजा. पहिलं अक्षर डी सारखं, डोक्याशी डावीकडे रेघ: धे. मग रोवलेला खांब, पायाशी रेघ: नु. अधिकचं चिन्ह, उजवीकडे रेघ: का. पुन्हा अधिकचं चिन्ह, नुसतं: क. अर्धा गोल, उजवीकडे रेघ: टा. ‘का’ आणि ‘क’ शेजारी-शेजारी आहेत, दोन्हींत फरक फक्त त्या एका बारीक रेघेचा. रेघ आहे तिथे ‘आ’, नाही तिथे ‘अ’. धेनुकाकट हे गावाचं नाव, शेवटच्या ‘टा’चा काना इथे ‘हून’ या अर्थी. कार्ल्याच्या बऱ्याच दात्यांनी ते सांगितलं आहे आणि ते नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

पुढे नांगर, गोलावर काठी, रोवलेला खांब, कडीवाला आकडा. चार अक्षरं आणि एकही मात्रा नाही: य, व, न, स. पहिल्या पायरीवर केलेला सराव इथे कामी येतो. ‘यवनस’, यवनाचं. हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा. कार्ल्याला असे अनेक यवन दाते आहेत, आणि त्यांची नावं मात्र इथल्या वळणाची. ‘सिहधय’ म्हणजे सिंहध्वज, आणि पुढचा ‘न’ इथे ‘ने’ नव्हे, ‘चा’ या अर्थी. ‘थभो’ म्हणजे स्तंभ, खांब. आणि शेवटी आपला ओळखीचा ‘दानं’.

धेनुकाकटच्या सिंहध्वज नावाच्या यवनाचा हा खांब, दान. तुम्ही ज्याला पाठ टेकून उभे राहिला असता, तो त्याचा खांब आहे.

हे जमलं की व्हरांड्यातला भूतपालाचा लेख घ्या: ‘वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं’. वैजयंतीहून आलेल्या श्रेष्ठी भूतपालानं हे शैलगृह पूर्ण करवलं, जंबुद्वीपात उत्तम. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. ‘तो’ म्हणजे हून, ‘सेठिना’ म्हणजे शेटनं, ‘म्हि’ म्हणजे मध्ये, आणि त्यात ‘म’खाली ‘ह’ जोडलेला. ‘उतमं’ मधला गाळलेला ‘त’ तुम्ही आता स्वतःच भरता आहात. आणि ‘सेलघरं’ मधलं ‘घर’ बघा. दोन हजार वर्षं तोच शब्द, तीच दोन अक्षरं, आपण फक्त शेवटचा ‘अ’ गिळायला लागलो.

कार्ल्यालाच दारावर सामि नावाच्या सुताराचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा, त्याच्यासाठी तिथे ‘वढकि’ शब्द आहे. ‘वाढई’ म्हणणारे लोक विदर्भात आजही आहेत. असे शब्द सापडायला लागले की वही कमी पडते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष लेण्यावर

पहिल्या खेपेला एकटं जाऊ नका. दोघं असाल तर एकानं उजेड धरायचा आणि एकानं वाचायचं. उजेडाचं तंत्र सगळ्यांत महत्त्वाचं आहे. टॉर्च समोरून मारली तर अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा, मग प्रत्येक रेघेच्या कडेला सावली पडते आणि जिथे काहीच नव्हतं तिथे अक्षर उभं राहतं. आता उजेड दुसऱ्या बाजूनं टाका आणि परत वाचा. पहिल्या खेपेला न दिसलेला काना दुसऱ्या खेपेला दिसतो. फोटोही असेच दोन-तीन बाजूंनी काढा, फ्लॅश बंद ठेवून.

आपला सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा आहे, लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून बारीक खड्डे राहिलेले असतात. त्यातला एखादा खड्डा नेमका अक्षराच्या उजवीकडे असला की अनुस्वार वाटतो, गोलात असला की ‘ठ’चा ‘थ’ होतो. कोरलेल्या टिंबाची कड साधारण नीट असते, खड्ड्याची वेडीवाकडी. तेवढ्यानंही ठरलं नाही तर दोन्ही वाचनं लिहून ठेवा.

हात लावू नका. अक्षरांत खडू भरून फोटो काढणारे मी पाहिले आहेत, पाणी मारणारे पाहिले आहेत. दोन हजार वर्षं टिकलेली कड अशानं झिजते. ही संरक्षित स्मारकं आहेत, लेखाचा कागदी ठसा घ्यायलाही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. टॉर्च, वही आणि डोळे यांवर आपलं काम पूर्ण होतं.

वहीत नोंद अशी करा: आधी लेण्याचा क्रमांक आणि लेखाची जागा, मग प्रत्येक अक्षराचा आकार जसा दिसला तसा, त्याखाली देवनागरी. अर्धवट दिसलेलं अक्षर चौकटी कंसात, गेलेल्या अक्षरासाठी टिंब. घरी आल्यावरच छापील वाचनाशी ताडून बघा, आधी नाही. वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांची वाचनं मराठीत दिली आहेत, त्यांच्याशी आपली वही ताडताना जे शिकायला मिळतं ते तक्त्यावरून मिळत नाही. चूक कुठे झाली ते बघा: आकारात, मात्रेत, की शब्द तोडण्यात. माझ्या बहुतेक चुका मात्रेच्या होत्या, दगडाच्या ओरखड्याला काना समजण्याच्या.

जुनागढचे भगवानलाल इंद्रजी तरुणपणी प्रिन्सेपच्या अक्षरतक्त्यावरून गिरनारचा लेख वाचायला शिकले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतलं. १८८२ साली सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांनीच शोधला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि शुद्ध अशोककालीन वळण प्रत्यक्ष बघायचं असेल तर महाराष्ट्रात त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं.

पुढे कुठे जायचं

कार्ल्यानंतर मळवली स्टेशनच्या पलीकडे भाजे, मग जुन्नरच्या भोवतीची लेणी, लेण्याद्री आणि मानमोडी. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि पाण्याच्या टाक्यांजवळ ‘पोढि’ हा शब्द सापडतो, टाकं या अर्थी. ‘लेण’ हा शब्दसुद्धा या लेखांतलाच. आपण ‘लेणी’ म्हणतो ते तेव्हापासून.

नाशिकची पांडवलेणी शेवटी ठेवा. तिथले लेख लांब आहेत, वळण नंतरचं आहे, भाषेत संस्कृत मिसळलेलं आहे. पण क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख वाचायला लागलात तर त्यात विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे ठेवलेले दोन हजार आणि एक हजार कहापण (तेव्हाची नाणी), त्यावरचं व्याज, सगळा हिशेब सापडतो. आकडे वेगळे शिकावे लागतील: दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत, शून्य नाही.

नाशिकच्या आधी मात्र नाणेघाटाला जाऊन या. भिंतींवरचा सातवाहन राणी नागनिकेचा (वर आलेली नायनिका तीच) मोठा लेख झिजलेला आहे, तो पहिल्या खेपेला वाचू म्हणू नका. मागच्या भिंतीकडे वळा. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या, आणि ज्याच्या-त्याच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं ती नावं राहिली. ‘राया सिमुक सातवाहनो’ पहिलं. ‘सिमुक’ मध्ये ‘क’ला मात्रा नाही, म्हणून सि-मु-क, पूर्ण म्हणा. त्याच रांगेत ‘कुमारो भाय’ असं एक नाव आहे आणि त्याच्यापुढे दगड गेलेला आहे. टॉर्च बाजूनं धरा, दोन्हीकडून बघा, काही उमटत नाही ना ते पाहा. आणि वहीत ‘भाय’ लिहून पुढे टिंबं द्या.